गठ्ठेबाई आणि गुलाबी पेपर

सुनेने सासूबद्दल चांगलं लिहिलं की वाचणाऱ्याला पहिला संशय येतो तो घराच्या कागदपत्रांचा. म्हणून आधीच सांगते, घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सासूबाईंशी माझी आठवड्यातून दोनदा तरी खडाजंगी होते. कपडे वाळत घालण्यावरून होते, पंख्याच्या वेगावरून होते आणि मी डब्यांची झाकणं उघडी टाकते त्यावरून तर हमखास होते. तरीही मला त्या आवडतात. का आवडतात हे सांगायला एक पेपर पुरेसा आहे, आणि तो गुलाबी आहे.

सासूबाई एका नर्सिंग शाळेच्या परीक्षा विभागात आहेत. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक संगणक, एक छपाईचं यंत्र आणि त्या स्वतः. दर वर्षी तिथे वॉर्डातल्या मदतनिसांची परीक्षा होते. ऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा, चाळीस गुणांना पास. शेजारणीचं पाहून कुणी गोल काळे करू नयेत म्हणून पेपरचे चार संच काढतात: पांढरा, पिवळा, गुलाबी आणि निळा. प्रश्न तेच ऐंशी, फक्त त्यांचा क्रम वेगळा. हे संच लावणं हे सासूबाईंचं सत्तावीस वर्षांचं काम. परीक्षेच्या सकाळी चार रंगांचे गठ्ठे छातीशी धरून त्या वर्गात शिरतात, म्हणून मुली त्यांना गठ्ठेबाई म्हणतात. त्यांना हे ठाऊक आहे, आणि आवडतंही.

कामात त्या डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या. परीक्षेच्या आधीचा महिनाभर घरात ‘तापमान’ हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही, न जाणो पेपरात असेल. एका वर्षी नेमका त्याच महिन्यात सासऱ्यांना ताप भरला, तर डॉक्टरांना फोन करून म्हणाल्या, “ह्यांचं अंग जरा कोमट लागतंय.” डॉक्टरांनी विचारलं, किती कोमट? तर म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही.”

आणि क्रमाचं वेड म्हणाल तर घरातही तेच. बोलायचं सुद्धा क्रमाने. मला कधी बोल लावायचे असले तरी एकदम अंगावर येत नाहीत. “चहा छान झालाय. पडदे स्वच्छ धुतलेस. खाली दूधवाला आलाय का बघ, कारण सगळं दूध उतू गेलंय.” आधी गोड, मग साधं, मग तडाखा. अशा बाईच्या हातून ऑफिसात जे झालं ते व्हायला नको होतं, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झालं ते असं. परीक्षेला तीन आठवडे होते. फॉर्म भरायला शेजारच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या एक ताई आल्या. वय चव्वेचाळीस. बावीस वर्षं वाफेत चादरी धुऊन बोटांची कातडी सुटलेली. वॉर्डात मदतनीस व्हायचं त्यांच्या मनात होतं. दोनदा परीक्षेला बसल्या होत्या आणि दोनदा नापास झाल्या होत्या, एकदा सदतीस गुण, एकदा अडतीस. नियमाप्रमाणे तिसरी संधी शेवटची. त्यानंतर जन्मभर लाँड्री.

फॉर्म देताना त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, “बाई, ह्या वेळेस गुलाबी नको हो. दुसरा कुठलाही रंग द्या.”

सासूबाई हसल्या. “अहो ताई, रंगाने काय होतंय? प्रश्न सगळ्यांना तेच असतात.”

“असतील. पण गुलाबीत उघडल्या उघडल्या ते सलाइनचे थेंब मोजायचं गणित येतं. त्याच्यामागे दुसरं. त्याच्यामागे तिसरं. सगळी गणितं आधीच. तिथेच माझी पाचावर धारण बसते. मग पुढे येत असलेलंसुद्धा आठवत नाही. हात धुवायचं उत्तर चुकले हो मी! बावीस वर्षं दुसरं केलंय काय?”

सासूबाईंचं हसू तिथेच थांबलं. कारण गुलाबी पेपरात गणितं आधी का येतात हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी परीक्षेच्या दोन दिवस आधी छपाईचं यंत्र बिघडलं. ते दुरुस्त झालं तेव्हा चार संच लावायला हातात एक दुपार होती. शिकवणाऱ्या बाई प्रश्न देतात ते शिकवलेल्या क्रमाने: सुरुवातीला हात धुणं, चादर बदलणं, ताप मोजणं, आणि शेवटी औषधांची आणि सलाइनची गणितं. तेव्हा प्रश्न कागदाच्या पट्ट्यांवर असत. सासूबाईंनी पांढरा संच आहे तसाच ठेवला. पिवळ्यासाठी गठ्ठा मधोमध कापून खालचा भाग वर घेतला. निळ्यासाठी आधी विषम क्रमांक, मग सम. आणि गुलाबीसाठी सरळ गठ्ठा उलटा केला. ऐंशीवा प्रश्न पहिला, पहिला प्रश्न ऐंशीवा. दुपार निभावली, सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी तोच क्रम सोयीचा म्हणून राहिला. मग त्याचा तक्ता झाला, तक्त्याला प्लॅस्टिकचं आवरण चढलं आणि तो भिंतीवर गेला. संगणक आला तेव्हा त्यांनी तोच तक्ता संगणकाला शिकवला.

त्यात भर म्हणजे बैठक क्रमांक. पहिल्या क्रमांकाला पांढरा, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला गुलाबी, चौथ्याला निळा, पुन्हा पाचव्याला पांढरा. आणि पुन्हा बसणारीचा क्रमांक बदलत नाही. ताईंचा क्रमांक तेवीस होता. तेवीसला गुलाबीच येणार, दरवेळी.

त्या संध्याकाळी सासूबाई घरी आल्या त्या चपलांसकट स्वयंपाकघरात आल्या. हे आमच्या घरात कधीच घडलेलं नव्हतं. मी विचारलं, “आई, काय झालं?” तर म्हणाल्या, “अजून मला नक्की माहीत नाही. तुझ्याकडे कोरे कागद आहेत का?”

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी आम्हा घरच्यांची परीक्षा घेतली. शाळेचा एकही प्रश्न घरी आणणं त्यांच्याकडून प्राण गेला तरी झालं नसतं, म्हणून घरावरचे वीस प्रश्न त्यांनी स्वतः काढले होते, प्रत्येकाला चार पर्याय. मला पांढरा कागद, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे. सासऱ्यांना आणि माझ्या नवऱ्याला गुलाबी, म्हणजे तेच प्रश्न उलटे. दहा मिनिटं. बोलायचं नाही, पाणी हवं असेल तर हात वर करायचा.

माझा पहिला प्रश्न होता, आपल्या घराला एकूण दारं किती? चार. दुसरा, फ्रिजचा रंग कोणता? मी अशी सुटले की विचारू नका. सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, तुमच्या मावशीच्या थोरल्या मुलाचं लग्न कोणत्या साली झालं? त्यांनी डोळे मिटले, उघडले, छताकडे पाहिलं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण समोरचा सेकंदकाटा बघून त्यांना घाम फुटला.

“ही परीक्षा आहे की पोलिसांची चौकशी?” ते ओरडले.

“अहो, हात वर करून बोला.”

“हात वर करून तेच विचारतोय!”

निकाल लागला. मला सोळा, नवऱ्याला तेरा, सासऱ्यांना नऊ. लग्नाचं साल चुकलं त्याचं काही नाही, ते सासूबाईंना तरी कुठे पक्कं आठवत होतं. पण आपल्या घराला दारं तीन आहेत असं सासऱ्यांनी लिहिलं होतं. रोज संध्याकाळी हा माणूस चारही दारांच्या कड्या स्वतःच्या हाताने तपासतो.

“मला येत होतं गं,” ते मला म्हणाले. “पण तोवर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

एका परीक्षेवर विश्वास ठेवतील तर त्या सासूबाई कसल्या. तिसऱ्या दिवशी नवे वीस प्रश्न, आणि ह्या वेळी गुलाबी मला. पहिलाच प्रश्न, माळ्यावर पत्र्याच्या पेट्या किती? मी लग्न होऊन आले तेव्हापासून माळ्यावर चढलेले नाही. दुसरा प्रश्न त्याहून भयंकर. मला अकरा मिळाले आणि सासऱ्यांना पंधरा. त्यांनी तो कागद दोन दिवस शर्टाच्या खिशात ठेवला. नवऱ्याला पुन्हा तेराच. त्याला पेपर सुलटा द्या, उलटा द्या, फाडून द्या, तेराच मिळणार. अशीही माणसं असतात, आणि त्यांच्याशी संसार करणं फार सोपं जातं.

“पेपर तोच असतो गं,” सासूबाई म्हणाल्या. “पण पहिल्या पानावर मार खाल्ला की माणूस तोच राहत नाही.”

मी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायला बसते. मी म्हटलं, “आई, आमच्याकडे दाढ काढायची असेल त्या पेशंटला सकाळी पहिला कधीच घेत नाहीत. आतून एक किंकाळी आली की बाहेरचे नुसते दात साफ करायला आलेलेसुद्धा पळून जातात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आणि हे तू मला एकोणीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?”

“मी तेव्हा शाळेत होते, आई.”

“हं,” त्या म्हणाल्या, जणू तीही माझीच चूक.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि मला त्यांची पहिल्यांदाच काळजी वाटली. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. सत्तावीस वर्षांत त्यांच्या फाइलीत एक लाल शेरा नाही. गप्प राहिल्या असत्या, तक्ता भिंतीवरून काढून गुपचूप नवा लावला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. मी तसं सुचवूनही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भांडी घासायला घेतली, आणि त्या दिवशी भांडी घासायची पाळी माझी नव्हती.

सोमवारी त्या शाळेच्या प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, जरी त्या सासूबाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. पुढचं सासूबाईंनी आम्हाला इतक्या वेळा करून दाखवलंय, दोन्ही आवाजांत, की मी तिथे नव्हते हे आता मलाच खरं वाटत नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, “प्रश्न तेच, पर्याय तेच, वेळ तोच. हुशार मुलगी कुठूनही सुरुवात केली तरी सोडवते.”

“सोडवते ना. हुशार मुलीला उलटं काय, सुलटं काय. पण बाई, पासाची रेघ हुशार मुलींसाठी नसते, काठावरच्यांसाठी असते. आणि काठावरच्यांना मी ढकललंय.”

मग त्यांनी कागद पुढे केला. शनिवारी बसून त्यांनी मागच्या पाच वर्षांच्या उत्तरपत्रिका काढल्या होत्या. पाच किंवा त्याहून कमी गुणांनी नापास झालेल्या किती? पांढऱ्यात चार, पिवळ्यात पाच, निळ्यात चार. गुलाबीत सतरा.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. कपाट उघडायला लावून सगळ्या उत्तरपत्रिका त्यांनी स्वतः पुन्हा मोजल्या. सतराच्या सतरा निघाल्या. त्यांनी कपाट स्वतः बंद केलं. शेवटी म्हणाल्या, “ठीक आहे. क्रम बदलून टाका. ह्याची वाच्यता नको. तुमचं एकच वर्ष राहिलंय.”

कुणीही शहाण्या बाईने इथे आभार मानून काढता पाय घेतला असता. आमच्या सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. “तसं नको. चूक माझ्या नावासकट लिहून घ्या. नाहीतर मी गेल्यावर घाईची एखादी दुपार येईल, आणि पुढची बाईसुद्धा गठ्ठा उलटा करेल.”

मोठ्या बाईंनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “ह्या सतरा जणींचं काय करायचं?” प्रश्न विचारून त्यांनीच उत्तर दिलं. ज्यांच्या तिन्ही संधी संपल्या होत्या त्यांना आणखी एका संधीचं पत्र गेलं. सहा जणी आल्या. त्यातली एक मधल्या काळात आजी झाली होती.

नवे संच लागले. आता चारही रंगांत पहिले वीस प्रश्न सोप्यातलेच, त्यांची आपसात अदलाबदल. मग मधले, मग गणितं. कुणाला झुकतं माप नाही, कुणाला पहिल्याच पानावर दणका नाही. मात्र परीक्षा होईपर्यंत ह्यातलं अक्षरही बाहेर काढायचं नव्हतं. लाँड्रीतल्या ताईंना तर नाहीच.

आणि बैठक क्रमांक तोच राहिला. तेवीस. परीक्षेच्या सकाळी सासूबाई गठ्ठे घेऊन त्या बाकापाशी आल्या आणि त्यांनी ताईंसमोर पेपर ठेवला. गुलाबी.

सासूबाई सांगतात, त्यांच्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. रागाने नव्हे. ‘नेहमीप्रमाणे गुलाबीच ना’ म्हणणारी ती नजर होती. बोलायची तर चोरी. सासूबाई पुढे सरकल्या, चोविसाव्या बाकावर निळा ठेवला, पंचविसाव्यावर पांढरा, आणि सगळं लक्ष मागे. घंटा झाली. ताईंनी पेपर उघडला. पहिला प्रश्न वाचला. मान वर केली, पेपर उलटून वरचं नाव नीट पाहिलं, चुकून दुसऱ्याच परीक्षेचा तर नाही ना म्हणून. पुन्हा प्रश्न वाचला. रुग्णाला हात लावण्याआधी काय करावं? मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि तो गोल इतका दाबून काळा केला की टोक तुटलं. टोक तुटल्यावर त्या हसल्या. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या गठ्ठेबाईंच्या हातातले उरलेले पेपर जमिनीवर पडले, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. ताईंना त्रेपन्न.

सासूबाईंनी मला दवाखान्यात फोन केला. त्रेपन्न, त्रेपन्न, असं चारदा म्हणाल्या, आणि मग एकदम आवाज पडला. “तू सुटल्यावर माझ्याबरोबर लाँड्रीत चल. मला त्यांना सांगायचंय. एकटीला जमणार नाही.”

लाँड्रीत यंत्रांचा असा आवाज होता की बोलायचं म्हणजे ओरडायचं. ताई चादरींच्या घड्या घालत होत्या. आम्हाला पाहून धावत आल्या, सासूबाईंचे दोन्ही हात धरले. सासूबाईंनी ते सोडवून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी क्रम सोडला आणि तडाखा आधी दिला. “ताई, तुम्ही दोन वेळा नापास झालात ते माझ्यामुळे.” मग गठ्ठ्याचं, तक्त्याचं, तेवीस क्रमांकाचं सगळं सांगितलं. शेवटी त्यांच्याने बोलवेना, तेव्हा उरलेलं मी सांगितलं.

ताई पुन्हा टेबलापाशी गेल्या. एक चादर उचलली, तिची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दोन वर्षं,” त्या म्हणाल्या. “मागच्या निकालानंतर लेक म्हणाली, आई, आता पुरे, तुला नाही जमणार. ती वाईट नाही हो, मला त्रास होतो म्हणून म्हणाली. पण मला ते पटलं. मी स्वतःला ढच समजायला लागले होते.”

सासूबाई रडल्या. घळाघळा, पदर न लावता. मी नुसती उभी होते आणि मलाही रडू येत होतं.

ताईंनी चादर खाली ठेवली. “बाई, रडून काय होणार? एक काम करा. माझी लेक आता घरी असेल. तुम्ही स्वतः तिला सांगायचं. मी सांगितलं तर तिला वाटेल, पास झाल्यावर आईला शिंगं फुटली.”

“आत्ता?”

“आत्ता. चौथा मजला आहे. लिफ्ट नाही.”

सासूबाईंच्या गुडघ्यांची गोष्ट वेगळी लिहावी लागेल. आमच्या घरी त्या दोन पायऱ्या उतरताना तीन देवांची नावं घेतात. त्या दिवशी चार मजले त्या न थांबता चढल्या, आणि मीच मागे धापा टाकत होते. ताई माझ्याही मागे होत्या, कारण त्यांना वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला त्रेपन्न सांगायचं होतं.

दार ताईंच्या मुलीने उघडलं. पंधरा-सोळा वर्षांची, केसांत पेन खोचलेलं, दारात दोन अनोळखी बायका पाहून भांबावलेली. सासूबाईंनी एका हाताने चौकट धरली. नमस्कार नाही, ओळख नाही.

“तुझी आई ढ नाही,” त्या म्हणाल्या. “ढ मी आहे. गठ्ठा मी उलटा ठेवला होता.”

मुलगी नुसती बघत राहिली. खालच्या जिन्यावरून ताईंचा आवाज आला, “बाई, पुन्हा सांगा! ती कानात गाणी घालून बसलेली असते!”

मुलीने लाजून कानातलं काढलं. सासूबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी इतक्या मोठ्याने की शेजारची दोन दारं उघडली. मग त्यांनी त्या दोन दारांकडे तोंड केलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं.